होडीच्या बुडावर आधी काय लावलंय? नवा डबा उघडण्याआधीची तपासणी

१ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागते आणि ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौका किनाऱ्याला असतात. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण, कुठेही गेलात तरी या दिवसांत होड्या वर ओढलेल्या असतात, त्यांच्यावर ताडपत्री शाकारलेली असते आणि खाली कोणीतरी बूड खरवडत बसलेलं असतं. नारळी पौर्णिमेच्या आत रंगकाम उरकायचं असतं. मग दोनेक महिन्यांनी ठरलेली तक्रार ऐकू येते: रंगाचे पापुद्रे सुटले, डबा नकली निघाला.

डबा कधीकधी नकली असतोही. पण पुष्कळदा डब्यात दोष नसतो. दोष असतो तो नव्या रंगाखाली आधीपासून असलेल्या थराशी त्या रंगाचं न जमण्यात. आता बाजारात इतक्या जातींचे रंग आले आहेत की 'मरीन पेंट द्या' एवढं सांगून भागत नाही. दुकानदार विचारणार, आधीचा कुठला आहे? जुनी होडी विकत घेतलेल्याला याचं उत्तर बहुधा ठाऊक नसतं. ते होडीकडूनच काढून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

बुडावर नेमकं काय काय असतं

तळाशी मूळ अंग: लाकूड, फायबर किंवा लोखंड. त्यावर प्रायमर, म्हणजे अंगाला घट्ट धरून ठेवणारा पहिला हात. त्यावर कधी एखादा मधला थर, जो खालच्याची आणि वरच्याची सांगड घालतो. आणि पाण्याखालच्या भागावर सगळ्यात शेवटी अँटीफाउलिंग. या रंगात बहुतेक वेळा तांब्याचं संयुग असतं. ते पाण्यात हळूहळू झिरपत राहतं आणि बार्नेकल (बुडाला चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव), शेवाळ यांना बुडावर बस्तान बसवू देत नाही. बुडाला खरखरीत बार्नेकल चिकटले की होडी जड चालते आणि डिझेल जास्त जळतं. म्हणून हा खर्च.

आणखी दोन शब्द समजून घेतले की पुढचं सोपं आहे. वन-पॅक म्हणजे डबा उघडला, ढवळला आणि लावला असा रंग. ऑइलपेंट, क्लोरिनेटेड रबर, डांबरी रंग हे यातले. टू-पॅक म्हणजे रंग वेगळा आणि हार्डनर वेगळा. दोन्ही मिसळल्यावर रासायनिक क्रिया होऊन थर पक्का होतो. इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन हे यातले. टू-पॅक एकदा पक्का झाला की थिनर त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाही. वन-पॅकचे बरेच प्रकार मात्र वर्षांनंतरही थिनरने पुन्हा मऊ होतात. सगळी गोम इथे आहे.

जुनं-नवं जमत का नाही

घराच्या भिंतीवर जुना चुना असेल आणि तो न खरवडता त्यावर ऑइलपेंट मारला, तर पहिल्या पावसाळ्यात रंगाचे पोपडे निघतात. पोपडा हातात घेऊन उलटा केला की मागे चुना दिसतो. ऑइलपेंटने आपलं काम चोख केलेलं असतं, त्याने चुना घट्ट धरलेला असतो. चुन्याने भिंत सोडलेली असते.

होडीवर हेच होतं, फक्त दोन वाटांनी. एक, खालचा थर मऊ आणि वरचा कडक. वरचा सुकताना आकसतो, खालच्याला ओढतो आणि तो उचलला जातो. दुसरी वाट थिनरची. टू-पॅक रंगातलं थिनर जोरकस असतं. ते खालच्या वन-पॅक थरात शिरलं की तो थर सुरकुततो, फुगतो, आणि ब्रश फिरतोय तोवरच वरचा रंग नासतो.

म्हणून धंद्यातला साधा नियम असा की टू-पॅकवर वन-पॅक चालतो, वन-पॅकवर टू-पॅक चालत नाही. याला अपवाद आहेत, मध्ये सांगड घालणारा खास थर मारून वाट काढताही येते, पण जुना थर कुठला ते कळलं नसेल तर अपवादाच्या भानगडीत पडू नये.

आधी बघा, मग खरवडा

होडी वर घेतल्याबरोबर गोड्या पाण्याने स्वच्छ धुवा. हे नीटनेटकेपणासाठी नाही. रंगाखाली मीठ अडकलं तर ते बाहेरचं पाणी आत ओढतं आणि थरावर फोड येतात. इंजिनाच्या आसपास डिझेल किंवा ऑइल लागलं असेल तर तेही घासायच्या आधी साबणाने काढा. नाहीतर पॉलिश पेपर ते तेल बुडाच्या अंगात चोळून बसवतो.

मग कुठेतरी आडबाजूला, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या जागेत, ८० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून गोल गोल घासत जा. मधोमध जास्त, कडेला कमी, म्हणजे उथळ बशीसारखा खड्डा पडेल. थरांची वलयं एकेक करून दिसू लागतील: बाहेर यंदाचा निळा, मग गेल्या खेपेचा काळा, मग विटकरी, मग राखाडी, मग मूळ अंग. कुठल्या दोन वलयांच्या मधली कड चिरफळते, कुठला थर घासताना चिकट गोळे होऊन येतो, कुठल्याची कोरडी भुकटी पडते, सगळं नोंदवा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. असे खड्डे निदान तीन ठिकाणी करा: पुढे नाळेजवळ, पाण्याच्या रेषेवर आणि मागे पंख्याजवळ. एकाच होडीवर तीन जागी तीन इतिहास सापडणं नवलाचं नाही, कारण डागडुजी नेहमी तुकड्यातुकड्याने झालेली असते.

चिंधी, थिनर आणि दहा मिनिटं

आता मुख्य परीक्षा. सुती चिंधीची घडी जोरकस थिनरमध्ये भिजवायची. इपॉक्सीसाठी मिळतं ते थिनर चालतं. ती थरावर ठेवून वरून ॲल्युमिनियम फॉइल चिकटवायची, म्हणजे थिनर उडून जाणार नाही. दहा मिनिटांनी काढून नखाने खरवडायचं. हातात मोजे हवेत, आणि जवळपास बिडी-काडी नको.

चिंधीला रंग लागला आणि थर चिकट, गुळमुळीत झाला, तर तो क्लोरिनेटेड रबर, व्हिनाइल किंवा डांबरी जातीचा वन-पॅक आहे. थराला सुरकुत्या पडल्या, साय उचलावी तसा तो उचलला गेला, तर बहुधा ऑइलपेंट. चिंधी स्वच्छ राहिली आणि नखाचा ओरखडाही उठला नाही, तर टू-पॅक. हे उत्तर मिळालं की निश्चिंत व्हावं, कारण खाली याच्याइतका चांगला पाया दुसरा नाही.

काळ्या थराची वेगळी चौकशी करावी. चिंधी रॉकेलमध्ये भिजवून घासा. लगेच तपकिरी डाग येऊन थर विरघळू लागला तर साधा डांबरी रंग. रॉकेलला दाद दिली नाही, जोरकस थिनरने चिंधीवर थोडा तपकिरी रंग आला, पण थर कडकच राहिला, तर तो कोलटार इपॉक्सी, म्हणजे कोळशाचं डांबर मिसळलेला टू-पॅक, असू शकतो. लोखंडी होड्यांवर हा भरपूर वापरला गेला आहे. कोलटारमध्ये कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं असतात, त्यामुळे तो कोरडा घासायचा नाही. डांबरी काळ्यावर हलक्या रंगाचा हात मारला तर तपकिरी डाग वर झिरपत येतात. तीन हात मारले तरी येतात.

अँटीफाउलिंग ओळखायला थिनरही नको. ओला हात चोळा. तळहात रंगला तर तो झिजणाऱ्या, मऊ जातीचा. हात कोराच राहिला तर कडक जातीचा. मऊवर कडक मारू नये; कडकवर मऊ चालतो. आणि पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळत असतील, मार्करची शाईसुद्धा धरत नसेल, तर तो सिलिकॉनचा थर समजा. त्यावर दुसऱ्या कुठल्याही जातीचा रंग बसत नाही. तो पूर्ण काढायचा किंवा त्याच जातीचा हात मारायचा, मधला मार्ग नाही.

पकड तपासायला ब्लेडने थर कापून मूळ अंगापर्यंत फुलीची खूण करा, त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्याने ओढा. फुलीच्या कडेने थर उपटून आला तर वर काहीही मारलं तरी व्यर्थ. पट्टी कोरी आली तर तो थर, दिसायला कितीही कळकट असला तरी, कामाचा आहे.

लाल म्हणजे एकच नव्हे

घासताना लाल वलय लागलं की बहुतेक जण 'रेड ऑक्साइड' म्हणून मोकळे होतात. लालाच्या तीन जाती आहेत, आणि त्यांतल्या दोघी सांभाळून हाताळायच्या आहेत.

रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचा गंज, तपकिरीकडे झुकणारा लाल. त्याची भीती नाही. दुसरा विटकरी लाल हा तांब्याच्या अँटीफाउलिंगचा, क्युप्रस ऑक्साइडचा. हवेत राहिला की त्यावर हिरवट छटा चढते. बंदीत दोन महिने होडी वर असली की पाहा. तिसरा नारिंगी झाक असलेला लाल, म्हणजे रेड लेड. हेच शिशाचं संयुग पारंपरिक शेंदरातही असतं. लोखंडावर आणि लाकडाच्या सांध्यांत प्रायमर म्हणून तो दशकानुदशकं वापरला गेला. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतलं शिसं ९० पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांवर, आणणारा नियम २०१६ चा आणि लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या थराबद्दल आणि औद्योगिक रंगाबद्दल खात्री धरू नये. जुन्या होडीत नारिंगी लाल दिसला की तो शिशाचाच आहे असं मानून काम करावं.

आणखी एक गुन्हेगार रंगावरून ओळखू येतच नाही. त्याचं नाव टीबीटी, कथलाचं एक संयुग. १९७० च्या दशकात अँटीफाउलिंगमध्ये ते फार गाजलं, कारण बूड वर्षानुवर्षं स्वच्छ राहायचं. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर आर्काशोंचा उपसागर आहे, कालवांच्या शेतीसाठी नावाजलेला. त्या दशकाच्या अखेरीस तिथे कालवांची पिल्लं तगेनाशी झाली आणि मोठ्या कालवांचे शिंपले वेडेवाकडे जाड होऊ लागले. माग काढला तो तिथेच नांगरलेल्या बोटींच्या बुडापर्यंत पोचला. १९८२ मध्ये फ्रान्सने २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर असा रंग लावायला बंदी घातली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा करार २००१ चा: १ जानेवारी २००३ नंतर हा रंग लावायचा नाही आणि १ जानेवारी २००८ नंतर बुडावर उघडा ठेवायचा नाही. करार प्रत्यक्ष अमलात आला सप्टेंबर २००८ मध्ये. सायब्युट्रिन नावाचं शेवाळनाशकही १ जानेवारी २०२३ पासून त्याच यादीत गेलं.

या करारातली एक तरतूद आपल्या कामाची आहे. जुना विषारी थर काढलाच पाहिजे अशी सक्ती त्यात नाही. तो पाण्यात झिरपणार नाही अशा पक्क्या थराखाली बंद केला तरी चालतो. मांडव्याला किंवा गोव्यात कोणी परदेशातून आलेली जुनी यॉट घेत असेल, तर तिच्या तळाशी कुठेतरी हे वलय असू शकतं. अशा वेळी हौसेने मूळ अंगापर्यंत घासत जाण्यात शहाणपण नाही.

"मग सगळंच काढून टाकू, झंझट नको"

हा सल्ला हमखास मिळतो, आणि मला तो पटत नाही. पकड घट्ट असलेला टू-पॅकचा थर काढणं म्हणजे फुकट मिळालेला प्रायमर फेकणं. फायबरच्या होडीवर तर नुकसान जास्तच. फायबरच्या बाहेर जेलकोट नावाची जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची चकचकीत साल असते. ग्राइंडर जरा घसरला की ती जाते आणि पाणी थेट आतल्या काचतंतूंपर्यंत पोचतं. रंग काढायची जी जळजळीत केमिकलं मिळतात, ती जेलकोटलाही रंगच समजतात.

तरी काही वेळा सगळं काढावंच लागतं. चिकटपट्टीच्या परीक्षेत थर नापास झाला तर. खाली सिलिकॉन असेल तर. आणि जाडी हाताबाहेर गेली असेल तर. एका हाताची जाडी सुकल्यावर ५० मायक्रॉन धरा. दरवर्षी दोन हात, न खरवडता, दहा वर्षं, म्हणजे १ मिलिमीटर. तांब्याच्या रंगाचा एवढा थर प्रत्येक चौरस मीटरला दोन किलोच्या आसपास भरतो. चाळीस चौरस मीटर बूड असलेली होडी ऐंशी किलो जुना रंग घेऊन फिरत असते, आणि एवढा जाड थर एक ना एक दिवस स्वतःच्या वजनाने सुटतोच.

फायबरवर फोड दिसले तर घाई करू नका. एक फोड टोचून पाहा, डोळ्यांवर चष्मा लावूनच, कारण आतलं पाणी दाबाने उडतं. साधं पाणी निघालं आणि खाली जुना रंग दिसला तर फोड रंगाचा आहे, थर काढून भागेल. पाणी चिकट निघालं आणि व्हिनेगरसारखा वास आला तर ते जेलकोटच्या आतलं दुखणं आहे. तिथे रंगारी नको, फायबरचा कारागीर बोलवा, आणि बूड महिनोन्‌महिने वाळू द्यायची तयारी ठेवा.

"बापजाद्यांनी असलं काही तपासलं नव्हतं"

खरं आहे, आणि त्यांचं अडतही नव्हतं. शार्कच्या काळजाचं तेल, काजूच्या टरफलाचं तेल, राळ, डांबर हीच सामग्री पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. दरवर्षी तेलावर तेलच बसायचं. जातीवर जात जुळलेली होती, त्यामुळे ओळखण्याचा प्रश्नच आला नाही. शिवाय तेल लाकडात मुरतं, त्याचा पापुद्रा होत नाही.

घोळ सुरू झाला तो त्याच तेल प्यायलेल्या लाकडावर इपॉक्सी किंवा फायबरचं अस्तर चढवायला लागल्यावर. तेलकट लाकडाला इपॉक्सी धरत नाही. अस्तर बाहेरून ठणठणीत दिसतं, आत लाकडापासून सुटलेलं असतं, आणि त्या फटीत पाणी मुरून फळी कुजते. नाण्याच्या कडेने बुडावर ठोकत जा. भरीव आवाज येता येता मध्येच बद्द आवाज आला तर तिथे खडूने खूण करा. उघड्या लाकडावर तेलाची शंका असेल तर पाण्याचा थेंब टाका. थेंब मुरला तर लाकूड कोरडं, तसाच उभा राहिला तर तेल आहे. तेल खोलवर असेल तर टू-पॅकचा हट्ट सोडून तेलाशी जुळणाऱ्या जुन्या पद्धतीवर राहिलेलं बरं.

जाता जाता एक गंमत: ज्या काजूच्या टरफलाच्या तेलाने कोकणात होड्या आणि जाळी राखली, त्याच तेलापासून आज जहाजांच्या इपॉक्सीतले काही हार्डनर बनतात. ओलसर हवेतही नीट पक्के होतात म्हणून त्यांना मागणी आहे.

धूळ कुठे जाते

जुन्या रंगाचा खरा धोका तो बुडावर असताना नसतो, धूळ होऊन उडतो तेव्हा असतो. तांबं, शिसं, कथील, कोलटार, जे काही असेल ते तेव्हा फुप्फुसात जातं. तोंडाला बांधलेल्या रुमालाने यातलं काहीही अडत नाही. रबरी अर्धमुखवटा आणि त्यावर सूक्ष्म धुळीचे फिल्टर, हा खर्च एका डब्याच्या किमतीत बसतो. घासायचं ते ओलं करून. गॅसची ज्योत किंवा हीट गन लावून जुना रंग जाळण्याची पद्धत दिसते, ती बंद करावी: शिसं असेल तर वाफ होऊन छातीत जातं, क्लोरिनेटेड रबर असेल तर आम्लाचा धूर निघतो.

कामाचे कपडे घरी नेऊन पोराबाळांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. शिशाची धूळ मोठ्यांपेक्षा लहान मुलांना जास्त बाधते. जेवणाचा डबा होडीखाली उघडू नये. आणि खाली ताडपत्री अंथरलीच पाहिजे. खरवडलेले कपचे आज भरतीबरोबर खाडीत जातात. त्याच खाडीच्या चिखलात तिसऱ्या आणि कालवं असतात, आणि ती आपल्याच ताटात येतात. कपचे आणि गाळ गोणीत भरून, तोंड बांधून, धोकादायक कचरा म्हणून द्यावेत. ते गोळा करायची सोय बंदरावरच हवी, एकट्या नाखव्याने गोणी घेऊन कुठे जायचं? मच्छीमार सोसायट्यांनी हा विषय लावून धरण्याजोगा आहे.

पावसात रंग लावायचा तरी कसा

बंदीचे दिवस आणि पावसाचे दिवस एकच, ही आपल्याकडची खरी अडचण. तपासणी आणि ओलं घासकाम भर पावसाळ्यात खुशाल करा. रंग मात्र उघडीप बघून, शेडखाली. साधारण निकष असा, की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी आणि बुडाचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं त्यापेक्षा, निदान ३ अंश जास्त हवं. जुलैत २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २५ च्या थोडा वर असतो, म्हणजे फरक तिनाच्याही आत. डोळ्यांना न दिसणारा ओलावा बुडावर धरलेला असतो आणि आपण त्यावर ब्रश फिरवत असतो. सकाळी लवकर आणि सूर्यास्तानंतर म्हणूनच रंग लावू नये.

इपॉक्सी ओलसर हवेत सुकला की त्यावर कधी मेणचट, चिकट साय येते. ती थिनरने पुसायची नाही, थिनरने ती पसरते. गोडं पाणी आणि साबण घेऊन घासायची, वाळवायची, हलका पेपर मारायचा आणि मगच पुढचा हात. ही साय न काढता मारलेलं अँटीफाउलिंग गणपतीपर्यंतही टिकलं तर नशीब.

काम झालं की केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने लिहून ठेवा: कुठल्या कंपनीचा कुठला रंग, बॅच नंबर, वन-पॅक की टू-पॅक, किती हात, तारीख, आणि खाली कुठला जुना थर तसाच ठेवला आहे ते. डब्यावरच्या लेबलाचा फोटो असेल तर उत्तम. होडी विकलीत तरी ते दार तिच्याबरोबरच जाईल.